ढील : पाण्यावरच्या पतंगाची दोनशे वर्षे

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने "मला नवा पतंग घ्यायचा आहे" असे म्हटले की आपली मंडळी दोन प्रकारे पाहतात. काहींना वाटते संक्रांत जवळ आली, आणि काहींना वाटते ह्यांचे काहीतरी बिघडले. म्हणून आधीच खुलासा करतो. मी ज्या पतंगाविषयी लिहितो आहे त्याला काडी-कागद नसतो. त्याचे कापड पॉलिएस्टरचे, कडा हवा भरून टणक केलेल्या, आणि क्षेत्रफळ आपल्या दिवाणखान्याच्या गालिच्याएवढे. पायाला फळी, कमरेला हार्नेस, हातात आडवी दांडी आणि तिथून वीस-बावीस मीटर लांबीच्या चार दोऱ्या. पतंग वाऱ्यावर चढला की तो माणसाला पाण्यावरून ओढत नेतो. ह्याला काइटबोर्डिंग म्हणतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्टस्मथच्या शेजारी हेलिंग नावाचे बेट आहे, तिथे गेली तीन वर्षे मी हा उद्योग करतो.

पहिला पतंग आपण निवडत नाही, शिकवणारा निवडून देतो. माझा १२ चौरस मीटरचा होता, दोन हातांखालून आलेला. त्यावर मी पडलो, बुडलो, उठलो आणि हळूहळू वाऱ्याच्या दिशेला तिरके जाऊन निघालो त्याच जागी परत यायला शिकलो. ह्या खेळात मॅट्रिक पास होणे म्हणतात ते हेच. आता त्याचे कापड कागदासारखे कुरकुरते, हवेच्या पिशवीला पाच ठिगळे आहेत आणि दुपारपर्यंत कड मऊ पडते. म्हणजे दुसरा पतंग आला, आणि हा मात्र स्वतःच निवडायचा असतो. किनाऱ्यावर विचारले तर दहा जण दहा सल्ले देतात. तरुण पोरे म्हणतात, काका, आता उड्या मारायच्या तर असा घ्या. दुकानदार म्हणतो, तसा घ्या. शिवाय नव्या पतंगाची किंमत अशी की घरी आकडा सांगताना मी तो पौंडांतच सांगतो, रुपयांत नाही.

माझा पेशा इंजिनियरचा. एखादी वस्तू कळत नसेल तर ती आज आहे तशी का झाली हे आधी पाहावे, अशी जुनी सवय आहे. त्यामुळे दुकानाआधी मी इतिहासाकडे वळलो. तिथे जे सापडले त्याने माझा निर्णय तर झालाच, पण ते मला फार मनोरंजक वाटले म्हणून ह्या पुरवणीची पाने अडवतो आहे.

माझे बालपण येवल्याचे. येवले म्हणजे पैठणी आणि येवले म्हणजे पतंग. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गावात कोणी जमिनीवर नसे. आसारीवर मांजा, गच्चीवर बाया-पोरे, आणि सगळीकडून एकच ओरडा : "ढील दे, ढील!" पतंग खेचला की चढतो आणि ढील दिली की सुटतो, हे आम्हाला चालायला लागल्यापासून ठाऊक. पण आमच्या पतंगाने बोटाला चिरा पाडण्यापलीकडे कोणाचे काही केले नाही. माणसाला ओढून नेईल एवढा पतंग करायचा म्हटला की हाताने सोडायला दोरी पुरत नाही. दोरी तेवढीच ठेवून ढील कशी द्यायची, हाच पुढच्या दोनशे वर्षांचा प्रश्न आहे. ओढणारा पतंग करणे कधीच अवघड नव्हते. सोडणारा करणे अवघड होते.

ह्या कथेतला पहिला नायक ब्रिस्टल गावचा एक शाळामास्तर, जॉर्ज पोकॉक. त्याने १८२६ साली पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले आणि गाडीला नाव दिले शार्व्होलां. एकामागे एक जोडलेले मोठे पतंग, आणि गाडीत तीनचार माणसे. ब्रिस्टलहून मार्लबरोच्या रस्त्यावर ही गाडी घोड्यांच्या गाड्यांना मागे टाकत जाई. एकदा म्हणे तिने एका ड्यूकसाहेबांची बग्गी मागे टाकली, आणि हे उद्धटपणाचे झाले म्हणून मास्तरांनी गाडी थांबवून साहेबांना पुढे जाऊ दिले. टोलनाक्यावर कर घोड्यांच्या हिशेबाने असे. ह्या गाडीला घोडाच नाही, तेव्हा कर कसला? अशी गाडी आपल्याकडे निघाली असती तर पहिल्याच आठवड्यात नाकेदाराने पतंगांवर कर बसवला असता.

गमतीचा भाग सोडला तरी पोकॉकचे खरे कर्तृत्व दोऱ्यांत आहे. त्याने पतंग चार दोऱ्यांवर उडवला. त्यांनी पतंग डावी-उजवीकडे वळवता येई, आणि वाऱ्यासमोरचा त्याचा कलही कमीजास्त करता येई. कल कमी केला की ओढ कमी. म्हणजे दोरी न सोडता ढील! आज माझ्या दांडीला ज्या चार दोऱ्या आहेत त्यांचे तत्त्व हेच. पोकॉकनंतर हे ज्ञान जवळजवळ दीडशे वर्षे पडून राहिले, कारण लवकरच आगगाडी आली आणि वाऱ्याची वाट पाहण्याची गरज कोणाला उरली नाही.

क्रिकेटवेड्या वाचकांसाठी एक तळटीप इथेच देतो. पोकॉकने आपल्या लेकीला, मार्थाला, खुर्चीत बसवून पतंगाने आकाशात चढवले होते. ही मार्था पुढे डॉक्टर ग्रेस ह्यांच्या घरी पडली आणि तिचा एक मुलगा म्हणजे दाढीवाले डब्ल्यू. जी. ग्रेस. आईच एवढी धीट असेल तर मुलगा अंपायरला का जुमानील?

दुसरे गृहस्थ सॅम्युएल कोडी. अमेरिकेत जन्मलेला, इंग्लंडमध्ये काउबॉयचे खेळ करून पोट भरणारा, लांब केसांचा माणूस. त्याला पतंगांचे वेड लागले आणि त्याने माणूस उचलणारे पेटी-पतंग बनवले. नोव्हेंबर १९०३ मध्ये त्याने पतंगाने ओढल्या जाणाऱ्या छोट्या होडीतून कॅलेहून डोव्हरपर्यंत इंग्लिश खाडी पार केली. रात्र धरून सुमारे तेरा तास लागले. पुढे १९०८ साली फार्नबरोला ब्रिटनमधले पहिले इंजिनावरचे विमानोड्डाण त्यानेच केले आणि १९१३ मध्ये विमान अपघातात तो गेला. कोडीच्या खाडीप्रवासात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याने आधी इंग्लंडच्या बाजूने निघायचा प्रयत्न केला होता, वाऱ्याने साथ दिली नाही, म्हणून तो फ्रान्सला जाऊन तिथून निघाला. वारा नेईल तिकडेच जाता येत होते. नवशिक्या काइटबोर्डरची अवस्था हुबेहूब अशीच असते : वाऱ्याबरोबर जायचे आणि मग फळी खांद्यावर टाकून किनाऱ्याने चालत परत यायचे. त्या पायपिटीचे कोडी हे दैवत मानायला हरकत नाही.

आता पाण्याचा दुसरा प्रश्न. येवल्यात पतंग पडला तर पोरे धावतात. समुद्रात पडला तर? किनाऱ्यापासून अर्ध्या मैलावर, गळ्याएवढ्या नव्हे तर अथांग पाण्यात, ओल्या कापडाचे गाठोडे कोण वर चढवणार? १९६० आणि ७० च्या दशकांत पतंगाचे शास्त्र बरेच पुढे गेले. डॉमिना जॅलबर्टने १९६४ मध्ये हवेनेच फुगणारा, काडीविना पॅराफॉइल काढला. गाइसबर्टस पॅनहाउझ नावाच्या डच माणसाने १९७७ मध्ये फळीवर उभे राहून पॅराशूटसारख्या साधनाने ओढून घेण्याचे पेटंटही घेतले. पण पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उठवण्याचे कोडे सुटल्याशिवाय हा खेळ होणार नव्हता.

ते सोडवले दोघांनी, दोन रीतींनी. अमेरिकेत बोइंग कंपनीतले वायुगतीचे जाणकार बिल रोसलर आणि त्यांचा मुलगा कोरी ह्यांनी ताठ चौकटीचा पतंग आणि दांडीवर बसवलेला रहाट असा संच केला. पतंग पडला की दोऱ्या गुंडाळत त्याला जवळ ओढायचे आणि हातातूनच पुन्हा सोडायचे. म्हणजे आमची आसारीच, जरा महागातली! १९९४ मध्ये 'काइटस्की' नावाने ती विकायला आली आणि ओरेगनमधल्या हूड रिव्हरजवळ कोलंबिया नदीवर कोरीने तिच्यावर चांगल्या चांगल्या शिडाच्या फळीवाल्यांना मागे टाकले.

दुसरी रीत फ्रान्सच्या ब्रतान्य प्रांतातल्या ब्रुनो आणि दोमिनिक लेगेन्यू ह्या दर्यावर्दी भावांची. त्यांनी १९८४ च्या नोव्हेंबरात पेटंटचा अर्ज केला. पतंगाची पुढची कड म्हणजे हवा भरलेली जाड नळी, तिच्यातून मागे निघालेल्या आडव्या नळ्या, आणि सगळ्याचा आकार कमानीसारखा. असा पतंग बुडत नाही. पाण्यावर एका कुशीवर कलंडतो, त्यात वारा शिरतो, आणि दोरी ओढली की आपणहून उठतो. इतके सोपे! पण नौकाव्यवसायातल्या आणि शिडाच्या फळ्या विकणाऱ्या कंपन्यांना त्यात राम वाटेना. भावांनी जवळजवळ दहा वर्षे दारे ठोठावली आणि शेवटी १९९३ मध्ये 'विपिका' ही स्वतःची कंपनी काढली.

मला ह्या कंपन्यांची कीव येते, कारण त्यांना शहाणे करील असा प्रकार तेव्हा नुकताच आमच्या हेलिंग बेटावरून घडला होता. पीटर चिल्व्हर्स नावाच्या मुलाने १९५८ साली, बारा वर्षांचा असताना, ह्याच बेटाजवळ फळीवर शीड लावून खेळ केला होता. पुढे अमेरिकेत त्या खेळाचे पेटंट निघाले आणि विलायतेत त्यावरून दावा लागला, तेव्हा १९८५ मध्ये अपील कोर्टाने ह्या पोराच्या खेळाचा दाखला घेऊन इथले पेटंट रद्द ठरवले. किनाऱ्यावर कोणीतरी खेळत असलेली गोष्ट उद्याचा धंदा असते, हे कळायला आणखी काय हवे होते? असो.

१९९६ च्या सुमारास हवाईतल्या माउई बेटावर मनू बर्तँ आणि लेअर्ड हॅमिल्टन ह्या नामवंतांनी पतंगावर लाटा कापून दाखवल्या, १९९८ मध्ये तिथे पहिली स्पर्धा झाली, आणि मग तेच शिडाच्या फळीवाले परवाने घ्यायला रांगेत उभे राहिले. तीनचार वर्षांत जगभर पतंगच पतंग.

इथे कथा काळवंडते. बाजारात आलेले सुरुवातीचे विपिका पतंग दोन दोऱ्यांचे होते. दोन दोऱ्यांनी पतंग वळतो, पण त्याचा कल बदलत नाही. म्हणजे पोकॉकमास्तरांनी १८२६ मध्ये साधलेली ढील १९९७ मध्ये पुन्हा हरवलेली होती! वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. सोळा नॉटचा वारा एखाद्या सरीबरोबर चोवीस नॉट झाला तर वेग दीडपट, पण ओढ सव्वादोन पट. बारा मीटरच्या पतंगाखालच्या माणसाला एका क्षणात सत्तावीस मीटरचा पतंग बांधल्यासारखे होते. माणसे उचलली गेली. वाळूवर, खडकांवर, मोटारींवर आपटली. २००२ च्या उन्हाळ्यात जर्मनीच्या फेमर्न बेटावर एका स्पर्धेत निष्णात व्यावसायिक खेळाडू बाई मृत्यू पावल्या. कौशल्याची उणीव हे अशा अपघातांचे कारण नव्हते. हातात ढील नव्हती.

मग चार दोऱ्या आल्या. पुढच्या दोन मधोमध हार्नेसला, मागच्या दोन दांडीच्या टोकांना. दांडी जवळ घेतली की मागच्या दोऱ्या ताणतात, कल वाढतो, पतंग खेचतो. दांडी दूर सोडली की ढील. पण त्या काळचा पतंग इंग्रजी सी अक्षरासारखा खोल वळलेला, दोऱ्या थेट त्याच्या चार कोपऱ्यांना बांधलेल्या. तो ढील द्यायचा, पण हात आखडून. खरा उलगडा २००५ मध्ये झाला, आणि तोही त्याच लेगेन्यू बंधूंकडून. त्यांनी कमान सपाट केली, मागची कड आत वळवली आणि पुढच्या नळीला अनेक ठिकाणी धरणारी कण्णी बांधली. होय, कण्णी! येवल्यात प्रत्येक पोराला बांधता येते तीच, फक्त इथे तिला कप्प्या असतात. तिच्यामुळे पतंग वाऱ्यात सपाट लोळू शकतो आणि दांडी सोडताच जवळजवळ सगळी ओढ जाते. ह्याला 'बो' पतंग म्हणतात. आज विकले जाणारे बहुतेक पतंग त्याचीच मुले-नातवंडे आहेत.

हा इतिहास डोक्यात घेऊन मी बाजारात गेलो आणि पहिला निर्णय आपोआप झाला. एका विक्रेत्याने मला २००४ चा, "पेटीतून बाहेर न काढलेला" पतंग नव्याच्या दशांश किमतीला देऊ केला. कापड खरोखरच कोरे होते. पण पतंगाचे वय कापडावर मोजायचे नसते, तो कोणत्या बाजूला जन्मला त्यावर मोजायचे असते. २००५ च्या अलीकडचाच नव्हे, तर मी त्याहून पुष्कळ अलीकडचा मागितला. ह्याचे कारण दांडीत आहे. सुटकेची कळ, म्हणजे ढकलली की पतंग हार्नेसपासून तुटतो आणि पुढच्या एकाच दोरीवर निशाणासारखा निर्जीव फडफडतो, ती हळूहळू सुधारत गेली. २०२० मध्ये तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक निघाले, आयएसओ २१८५३. भार असताना कळ सुटते का, किती जोर लागतो, हे सगळे त्यात तपासतात. माझ्यासारख्याने पतंग जुना घ्यावा, दांडी मात्र नवी घ्यावी. मात्र ती दांडी त्या पतंगाला चालते का हे बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत पाहूनच, कारण पुढच्या दोऱ्या कुठे फुटतात ह्यावरही पतंगाचे वागणे अवलंबून असते.

दुसरा प्रश्न आकाराचा, आणि इथे बहुतेक जण उलटे गणित करतात. आता मी सुधारलो, तेव्हा मोठा पतंग पेलेन, असे वाटते. खरे तर सुधारलेल्याला लहान पुरतो. नवशिक्या फळी आडवी ठेवून घसरत जातो, त्याला सतत बाहेरून ओढ लागते. फळीची कड पाण्यात रोवता आली की वेग येतो, आणि वेगाने पतंगाला स्वतःचा वारा मिळतो. कोडीला जे जमले नाही ते, म्हणजे वाऱ्याकडे तिरके चढणे, ह्या कडेवरच होते. माझे वजन ७६ किलो आणि हेलिंगला बहुतेक वारा नैऋत्येचा, माझ्या सुट्टीच्या दिवशी साधारण अठरा ते पंचवीस नॉट. त्याला १२ नव्हे, १० मीटरचा पतंग योग्य. चौदा नॉटच्या खाली मी बागेतले गवत कापतो.

आकाराबरोबर रूप. तरुण पोरांनी सुचवलेला पतंग लांबट, अरुंद, पाच आडव्या नळ्यांचा होता. तो उंच उड्या देतो, दूर तरंगतो, पण वळायला संथ, पडला की उठायला नाठाळ, आणि चूक झाली तर तीही उंचावर दाखवतो. दुसऱ्या टोकाला एकच नळी असलेले हलके पतंग, मंद वाऱ्याला उत्तम. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये मार्सेच्या समुद्रावर ज्यांनी शर्यती केल्या त्यांचे पतंग तर जॅलबर्टच्या वंशातले, नळ्या नसलेले आणि पायाखाली पाण्यातला पंख. फार देखणे, आणि माझ्या आयुष्यात त्यांचे काही काम नाही. मी मधला, तीन नळ्यांचा, कण्णीवाला निवडला. तो सोडला की सोडतो, पडला की कुशीवर येऊन उठतो, आणि छोट्या उड्यांना पुरेसा चढतोही. मी ज्या टप्प्यावर आहे तिथे पडणे हा अभ्यासाचा भाग आहे. दर पडण्याला दहा मिनिटे पोहावे लागले तर दुपारी अभ्यास होतो किती?

घेतला तो दोन हंगाम वापरलेला. विकणाऱ्या गृहस्थांनी तो त्यांच्या गॅरेजमध्ये रात्रभर फुगवून ठेवू दिला. सकाळीही कड टणक होती. कापड उजेडासमोर धरून पाहिले, मागच्या कडेची शिवण बोटाने चाचपली, कप्प्या फिरवल्या, आणि पुढची नळी जमिनीला घासते तिथले टाके भिंगातून पाहिले. नवी दांडी आल्यावर चारही दोऱ्या कुंपणाच्या खांबाला अडकवून ताणल्या. चारही बरोबर भरल्या. दर दोन महिन्यांनी हे पुन्हा करायचे, कारण पुढच्या दोऱ्यांवर भार जास्त, त्या ताणून लांबतात, आणि मग मागच्या आखूड पडून ढील कमी मिळते.

जुन्या बारा मीटरचे कापड टाकवेना. आमच्या सौ. ने त्याच्या बाजाराच्या पिशव्या शिवल्या आहेत, निळ्या-नारिंगी. मंडळाच्या संक्रांतीला तिळगूळ त्यांतूनच येईल.